आईंचं नाव काय लिहू?



परवा मंदिरातून निघताना दोघीतिघींनी विचारलं, "सिंगापूरला जाऊन आलात, त्याबद्दल काही लिहिलं नाहीत?" सिंगापूरचे फोटो आता सगळ्यांनीच पाहिलेत, त्यात मी नवीन काय सांगणार. मला सांगायचंय ते निघण्याआधीच्या चार महिन्यांचं. आमच्या सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, पासपोर्ट काढला त्याचं. ज्यांच्या घरी सत्तरीच्या सासूबाई किंवा आई आहेत, त्यांनी तरी वाचाच.

आधी एक सांगते. गोष्टच नावांची आहे, त्यामुळे नावं लिहावी लागणार. पण आईंची खरी नावं इथे देत नाही, त्यांच्या परवानगीनं दुसरी घालते. माहेरचं पद्मावती आणि सासरचं सुलोचना असं समजा. हे त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून दोन वाढली म्हण की."

आमच्या वन्सं अकरा वर्षं सिंगापूरला आहेत. दर दोन वर्षांनी त्याच इकडे येतात. गेल्या आषाढात त्यांनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "यंदा मी येणार नाही. आईनं माझं घर कधी बघायचं? आता तुम्ही सगळे या." तिथल्या शाळांना नोव्हेंबरच्या शेवटी मोठी सुट्टी लागते. त्या हिशेबानं 26 नोव्हेंबर 2025 ही तारीख धरली.

आम्ही पाच माणसं. ह्यांचा पासपोर्ट चांगला 2029 पर्यंतचा होता. माझा मार्च 2026 मध्ये संपत होता, पण तिथे उतरताना पासपोर्टाची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणून मला नवा घ्यावाच लागणार होता. दोन्ही मुलांचे पहिल्यांदाच. हे सगळं सुरळीत झालं. धाकट्याचे 1000 रुपये आणि पासपोर्ट पाचच वर्षांचा, मोठ्यांचे 1500 आणि दहा वर्षांचा. मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

राहिल्या आई.

आई दर चातुर्मासात देशव्रत घेतात. आषाढ चतुर्दशीला महाराजांसमोर श्रीफळ ठेवून सीमा सांगतात, आणि दिवाळीला निर्वाण लाडू चढेपर्यंत त्या सीमेपलीकडे पाऊल टाकत नाहीत. गुडघे दुखायला लागल्यापासून सीमा दरवर्षी आखडतच चाललीय. गेल्या वर्षीची होती इकडे मिरज आणि तिकडे बाहुबली. बास. सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्यालासुद्धा त्या कोल्हापूरला गेल्या नाहीत.

म्हणजे पासपोर्टाचं जे काही व्हायचं ते मिरज ते बाहुबली एवढ्या टापूत व्हायला हवं होतं. पूर्वी हे शक्यच नव्हतं, पासपोर्ट म्हटलं की आपल्याकडची माणसं पुण्याची गाडी धरायची. 2017 पासून पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू व्हायला लागली, त्यामुळे आता बहुतेकांचं काम जिल्ह्यातच होतं. बहुतेकांचं. कागदात काही शंका निघाली तर पुण्याचं बोलावणं येऊ शकतं. तसं झालं तर आई दिवाळीआधी जाणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांना न बोलता माहीत होतं. आणि दिवाळी 21 ऑक्टोबरला. तिथून 26 नोव्हेंबरपर्यंत पाच आठवडे, त्यात पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडेमोड करत राहायची.

अर्ज भरायला लेक लॅपटॉप घेऊन बसली. समोर आई घेवडा मोडत होत्या. लेक इंग्रजीत वाचायची, मराठीत विचारायची, आई सांगायच्या. आडनाव झालं, जन्मगाव झालं. जन्मतारखेला पहिली ठेच लागली. आईंचं आधार अगदी सुरुवातीच्या काळातलं, त्यावर तारीख नाही, नुसतं जन्म वर्ष 1954. पॅन कार्ड कधी काढलंच नाही. मतदान कार्डावर वय.

"आजी, तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

"पंचमीच्या दोन दिवस आधी. आमची आई सांगायची, पंचमीचा झोका बांधला होता आणि तू झालीस."

लेकीनं फोनवर शोधलं. त्या वर्षीची नागपंचमी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात येत होती. ठीक, पण पंचमीचा झोका काही पुरावा म्हणून जोडता येत नाही. शाळेचा दाखला मिळतो का बघू असं म्हणून तेवढं मोकळं ठेवलं आणि ती पुढे गेली.

पुढचे दोन प्रश्न असे होते. तुम्ही दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखले जाता का? आणि तुम्ही कधी नाव बदललं आहे का?

"आजी, तू कधी नाव बदललंस?"

"मी नाही बदललं," आई म्हणाल्या. हातातली शेंग मोडली, शीर काढली. "बदललं ते ह्या घरातल्यांनी."

लेक माझ्याकडे बघायला लागली. "मम्मी, मग येस की नो?"

मैत्रिणींनो, या घरात मला एकवीस वर्षं झाली. आईंचं माहेरचं नाव पद्मावती हे मला ठाऊक होतं, पण एखाद्या जुन्या भांड्यावरचं नाव ठाऊक असावं तसं. त्यांचं लग्न 1972 चं. माहेर उगारजवळचं, कानडी मुलखातलं. इथे आल्या तेव्हा थोरल्या जाऊबाईंचं नाव पद्मावतीच होतं. एका घरात दोन पद्मावती कशा चालतील? ताटात तांदूळ पसरले, मामंजींनी अंगठीनं त्यात सुलोचना लिहिलं, झालं. कुणी कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "त्या तांदळाचा दिवस मावळायच्या आत भातसुद्धा झाला," आई म्हणाल्या. त्या हे हसत सांगत होत्या, पण लेक हसली नाही.

मला हे सांगायला हवं की 2004 साली माझ्या लग्नातही ते ताट आलं होतं. पंडितजींनी कोणतं अक्षर हेही सांगून ठेवलं होतं. आई उठल्या आणि ते ताट उचलून आत घेऊन गेल्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "तिचं नाव चांगलं आहे, राहू दे." आत्याबाईंची कुजबुज झाली, ती दोन दिवस पुरली. मला तेव्हा वाटलं, सासूबाईंना माझं नाव आवडलं.

आपल्याकडे या रिवाजाची अजून हौस आहे. परवाच एका लग्नात नवऱ्या मुलीच्या हातात नव्या नावाची पाटी देऊन फोटो काढत होते. मुलीला आवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांना विचारलंच नाही, त्यांना सत्तराव्या वर्षी सरकार विचारतं, तुम्ही नाव बदललंत का, पुरावा आणा. हे मला काही केल्या पटत नाही.

ह्यांनी सुचवलं म्हणून आम्ही गावातल्या एका फॉर्म भरून देणाऱ्याकडे गेलो. माणूस बोलायला गोड. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "काकू, यात काय अवघड आहे? आधारवर एक तारीख घालून आणतो, 1 जानेवारी. बाकी सगळीकडे सुलोचनाच आहे. नाव बदललं का, तिथे नो करायचं. सगळ्या बायका नो-च करतात. शाळेच्या दाखल्याच्या नादाला लागू नका, त्यात जुनं नाव निघालं की झालं, सहा महिने गेले."

खरं सांगते, त्या क्षणी मला तो सोपा रस्ता वाटला. पंधरा दिवसांत काम, वन्संचा चेहरा, मुलांची उड्या मारायची तयारी, सगळं डोळ्यांसमोर आलं. ह्यांनीही मान डोलावली. अर्जाच्या शेवटी प्रतिज्ञापत्र असतं, दिलेली माहिती खरी आहे म्हणून. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या 12 व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण ते सांगायची वेळच आली नाही.

आई खुर्चीवरून उठल्या. "तारीख खोटी, नाव अर्धं," त्या म्हणाल्या, "मग विमानात बसणार कोण?"

त्या माणसाला वाटलं काकू रागावल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी कागद पिशवीत घातले, त्याला जय जिनेंद्र केला आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "जायला नाही मिळालं तर नाही मिळालं. लेक काय पळून जातेय?" घरी येऊन लेकीनं दोन्ही प्रश्नांपुढे येस केलं आणि खाली रकान्यात जुनं नाव टाइप केलं. इंग्रजी अक्षरांत ते नाव पहिल्यांदाच लिहिलं गेलं असेल. आईंनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचून घेतलं.

आता शाळेचा दाखला. शाळा सीमेच्या बाहेर, म्हणून आई येणार नव्हत्या. मी आणि मामा, म्हणजे आईंचे धाकटे भाऊ, असे दोघं गेलो. बाईंनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. सगळं कानडीत. मला कानडी बोललेलं थोडं कळतं, वाचता अजिबात येत नाही. मामा पानावरून बोट फिरवत चालले होते आणि एका ओळीवर थांबले. "आली बघ आमची पद्माक्का."

नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख 2 ऑगस्ट 1954. पंचमीच्या आधीची. शाळा सोडली ती इयत्ता सातवी, शेरा उत्तीर्ण. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात दोनच शब्द होते. मी मामांना विचारलं काय लिहिलंय. "मने केलस," ते म्हणाले. घरकाम. मामा त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकले होते. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि बाईंना दाखल्याची फी किती ते विचारलं.

दाखला कानडी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत मिळाला. संध्याकाळी आईंच्या हातात दिला तर त्यांनी आधी गुरुजींचं अक्षर आहे का ते शोधलं. नकलेत ते कुठून येणार. मग कानडीतलं आपलं नाव मोठ्यानं वाचलं. आईंना कानडी वाचताना मी तोवर ऐकलंच नव्हतं.

गल्लीत तोवर बातमी पसरली होती आणि प्रत्येकीकडे एक सल्ला होता. एक म्हणाली, दहावी नाही ना, मग पासपोर्टावर वेगळा शिक्का बसतो, जाऊ देत नाहीत. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. दहावी न झालेल्यांना ज्या तपासणीचा शिक्का असतो, तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांना त्याची आडकाठी नाही. आणि पन्नाशी उलटलेल्यांना तो लागूच नाही. साठीपुढच्यांना पहिल्या पासपोर्टाच्या फीमध्ये दहा टक्के सूटही आहे, आईंचे 1500 ऐवजी 1350 लागले. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दाखल्यावर पद्मावती, आधारवर सुलोचना, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद कुठेच नाही. 1972 सालच्या लग्नाची नोंदणी नव्हती, आणि मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली, मग आता नोंदणी तरी कशी करणार. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी राजपत्राचा मार्ग सांगितला. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो, दोन्ही नावांचे पुरावे आणि फी भरावी लागते. बदलाचं कारण म्हणून आम्ही विवाह असं लिहिलं. आई म्हणाल्या, "त्रेपन्न वर्षांनी?" हे म्हणाले, "सरकारला काही घाई नसते."

भाद्रपद लागायच्या सुमाराला राजपत्र आलं. लेकीनं पानं छापून आणली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं, मुद्रा असलेलं प्रमाणपत्र असेल. तसं काही नाही. बारीक टायपात नावंच नावं, जुनं आणि नवं. त्यात एक ओळ आईंची. कुणी स्पेलिंग दुरुस्त केलेलं, कुणी आडनाव, काही पुरुषही आहेत. पण बायकाच बायका. दुपारची भांडी तशीच ठेवून मी आणि आई ती यादी वाचत बसलो. पहिलं नाव बदललेल्या, आडनाव बदललेल्या, आणि काही तर परत माहेरच्या नावावर गेलेल्या. आई प्रत्येकीपाशी थांबायच्या. "ही बघ, हिचं किती छान नाव होतं." "ही आपल्यातलीच दिसते." "हिनं परत का घेतलं असेल गं?" एवढ्या अनोळखी बायकांची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. दशलक्षणाची तयारी तशीच पडून होती, हे सामायिकाची वेळ झाली म्हणून आठवण करायला आले तेव्हा कुठे उठलो.

अपॉइंटमेंटचं दुसरंच. आपल्या केंद्रावर तारखा भरलेल्या, कोल्हापूरला लवकरची मिळत होती. ह्यांनी आईंना विचारलंसुद्धा नाही. अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली आणि सप्टेंबरच्या मध्यावर आपल्याच जिल्ह्यातली तारीख मिळाली.

फोटो तिथेच काढतात आणि मागचा पडदा पांढरा असतो, म्हणून पांढरं नेसून जायचं नाही, हे लक्षात ठेवा. आई मामंजी गेल्यापासून पांढरं किंवा अगदी फिकं नेसतात. त्या दिवशी पेटीतली जांभळी इरकल काढली. नेसून बाहेर आल्या तेव्हा धाकटा म्हणाला, "आजी, लग्नाला चाललीस?" फोटोच्या वेळी तिथल्या मुलीनं डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितला. आईंनी इकडे तिकडे बघितलं, ह्यांना "जरा तिकडे बघ" म्हणाल्या आणि पदर खांद्यावर घेतला. एवढं मोकळं डोकं मुलानं कधी पाहिलं नसेल असं त्यांना वाटत होतं की काय कोण जाणे.

मग बोटांचे ठसे. ते उमटेचनात. त्या मुलीनं ओल्या कापडानं बोटं पुसली, परत ठेवली, अंगठा आला तर तर्जनी येईना. पन्नास वर्षं भाकऱ्या थापलेले, राखेनं भांडी घासलेले हात. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. मुलगी मात्र शांत होती, म्हणाली, "आजी, सगळ्या आज्यांचं असंच होतं, घाई नको." सातआठ वेळा करून एकदाचे जमले. घरी वयस्कर माणूस असेल तर दोनचार दिवस आधीपासून रात्री हाताला तेल किंवा मलम चोळून ठेवा, ही माझी सूचना. उपयोग होतोच असं नाही, पण आम्हाला बरं वाटलं असतं.

तपासणीच्या टेबलावरच्या साहेबांनी दाखला बघितला, आधार बघितलं, राजपत्र बघितलं. मला बाजूला थांबायला सांगितलं आणि आईंना विचारलं, "तुमचं नाव?"

आईंनी दोन्ही सांगितली. आधी माहेरचं, वडिलांच्या नावासकट. मग सासरचं.

"पासपोर्टावर कोणतं हवं?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी दूर उभी होते, तरी मला दिसलं, त्या लगेच बोलल्या नाहीत. अर्जात आम्ही सुलोचना लिहिलं होतं, सगळे कागद त्याच नावाचे, दुसरं काही सांगितलं असतं तर सगळंच अडलं असतं. साहेबांनी नुसती खात्री करायला विचारलं असेल. आई म्हणाल्या, "सुलोचनाच ठेवा. पोरांची आई तीच आहे." आणि मग, "पण दुसरं खोडू नका."

साहेब म्हणाले, "खोडत नाही आजी, दोन्ही फाइलमध्ये राहतात." मला त्यांनी सांगितलं की मंजुरी पुण्याच्या कार्यालयातून होते, त्यांना शंका आली तर बोलावतील. पुणे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. बाहेर आल्यावर आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बोलावलं तर दिवाळीनंतर," आणि रिक्षा बघायला लागल्या.

पुढचे बारा दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. हे रोज सकाळी वेबसाइटवर बघायचे. पोलीस चौकशीला हवालदार आले, त्यांनी विचारलं, "आजी इथे किती वर्षं राहतात?" शेजारच्या काकू मध्येच म्हणाल्या, "आम्ही नव्हतो तेव्हापासून." शेजारच्यांची साक्ष झाली, चहा झाला. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मेसेज आला, पासपोर्ट छापायला गेला. पुण्याचं बोलावणं आलंच नाही.

स्पीड पोस्टानं तो आला तेव्हा आई मंदिरात होत्या. पोस्टमननं माझ्या हातात द्यायला नकार दिला. ज्याचा त्यालाच, ओळखपत्र बघून. बरोबरच आहे. मी धाकट्याला पिटाळलं, आई पूजेचं ताट तसंच हातात घेऊन आल्या. पोस्टमननं आधार बघितलं, सही घेतली आणि पाकीट दिलं. त्रेपन्न वर्षांत या घरी आईंच्या नावानं आलेलं हे बहुधा पहिलंच रजिस्टर पाकीट. त्यांनी ते आधी देवघरात ठेवलं, हात धुतले आणि मग उघडलं. फोटो बघून म्हणाल्या, "चांगला आलाय की. इरकल दिसत नाही तेवढी." मग पानं उलटून विचारलं, "दुसरं नाव कुठेय?"

ते त्यात नव्हतं. मी सांगितलं, फाइलमध्ये आहे. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर बघितलं तर पासपोर्टाच्या प्लास्टिकच्या पिशवीत राजपत्राचं ते पान घडी करून घातलेलं, आणि शाळेचा दाखलाही. मूळ दाखला. मी म्हटलं, "आई, मूळ कागद घरी ठेवूया, प्रवासात हरवला तर?" "माझ्याजवळ हरवायचा नाही," त्या म्हणाल्या. आणि खरंच हरवला नाही, सिंगापूरभर त्यांच्या खांद्याच्या पिशवीत हिंडला.

दिवाळीला लाडू चढवला, देशव्रत पुरं झालं. आष्टाह्निका झाली. व्हिसा अधिकृत एजंटाकडून केला, तो वन्संच्या पत्रावर मिळाला. विमानात जैन जेवण मिळतं, पण किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं. तरी मी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी घेतली होती, आणि आईंनी विमानात फक्त तेच खाल्लं, तेही खिडकीतून ऊन आहे ना बघून.

निघायच्या दोन दिवस आधी एक शेवटचा फॉर्म होता. सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाची माहिती ऑनलाइन भरावी लागते, फुकट असते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटींपासून सांभाळा. लेक परत लॅपटॉप घेऊन बसली. एकेकाचं भरत आजीवर आली आणि थांबली.

"मम्मी, इथे पण आहे! वेगळ्या नावाच्या पासपोर्टवर याआधी सिंगापूरला आलात का, म्हणून विचारतायत."

आई बॅगेत जपमाळ ठेवत होत्या. "काय विचारतायत?"

लेकीनं मराठीत सांगितलं.

"पासपोर्टवर ना?" आईंनी विचार केला. "नाही. पासपोर्टवर नाही. तिथे नो कर."